घाटमाथ्यावर एक खोली हवी

माझं माहेर खोपोलीचं. मुंबई-पुणे सायकल शर्यतीच्या दिवशी आमची अख्खी आळी घाटाच्या तोंडाशी जाऊन उभी राहायची. आधी पोलिसांची जीप यायची, मग मोटारसायकलवरून शिट्ट्या फुंकत जाणारे स्वयंसेवक, आणि मग काही वेळ रस्ता अगदी रिकामा. त्या रिकाम्या रस्त्यावर लांबून एक आवाज यायचा, पावसाची सर पानांवरून सरकत यावी तसा. चेनींचा आवाज. आणि वळणावरून एकदम सगळे दिसायचे. हँडलवर वाकलेले, पाठीवर टाचण्यांनी लावलेला कापडी नंबर, खांद्यावरून जानव्यासारखा अडकवलेला जादा टायर. आम्ही पोरी तांब्यातून पाणी घेऊन धावायचो. बरेचजण ते पीत नसत, मानेवर ओतून घेत आणि तांबा तसाच रस्त्यात टाकून पुढं जात. ते घाटात दिसेनासे झाले की थोड्याच वेळात ट्रक सुरू व्हायचे. रस्ता पुन्हा रोजचा.

शेजारचे काका या शर्यतीत चार वेळा उतरले होते. कारखान्यात फिटर होते. सायकल साधी, बिनगिअरची. शर्यतीच्या आधी मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी सगळं उतरवून ठेवायचे आणि अंगणात सायकल उलटी करून रिमचा आउट काढत बसायचे. चाक गरकन फिरवायचं, चिमट्याशी बोट धरायचं, रिम कुठं घासते ते बघायचं आणि तेवढाच एक स्पोक अर्धा आटा आवळायचा. ते कधी जिंकले नाहीत. एकदा शिंगरोबाच्या देवळापर्यंत पुढच्या घोळक्यात होते, पुढं पंक्चर झालं. ती गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की आम्हाला पाठ झाली होती. ते गेल्यावर घर बदललं, आणि माळ्याच्या वाशाला दोन हुकांवर टांगलेली ती सायकल भंगारवाल्यानं काट्यावर तोलून नेली. कुणाची चूक म्हणू? नव्या घरात जागा नव्हती, आणि ती सायकल नेऊन द्यावी असं ठिकाण अख्ख्या महाराष्ट्रात नव्हतं.

असं ठिकाण असावं, हे माझं म्हणणं. सायकल शर्यतींच्या इतिहासाचं संग्रहालय. ते सरकारी पैशातून व्हावं, शहरात न होता घाटात व्हावं, आणि जिंकलेल्यांना जेवढी जागा मिळेल तेवढीच हरलेल्यांना मिळावी.

दोन वर्षांपूर्वी लेकीकडे मिलानला गेले होते, तेव्हा गिसाल्लोला जाऊन आले. मिलानहून आस्सोपर्यंत आगगाडी, पुढं बस. कोमो सरोवराकाठच्या बेलाज्यो गावातून एक खडा चढ वर येतो, काही ठिकाणी चौदा टक्क्यांपर्यंत चढणारा. तो संपतो तिथं, ७५४ मीटर उंचीवर, मादोन्ना देल गिसाल्लो हे छोटंसं देऊळ आहे. म्हणजे मेरीमातेचं चॅपेल, पण मला ते देऊळच वाटलं. जुनी आख्यायिका अशी की गिसाल्लो नावाच्या सरदारावर लुटारूंनी हल्ला केला, त्यानं मेरीच्या प्रतिमेकडे धाव घेतली आणि तो वाचला. तेव्हापासून ती वाटसरूंची राखणदार. पुढं त्या वाटेनं सायकलस्वार जाऊ लागले, शर्यती जाऊ लागल्या, आणि १९४९ साली पोप बारावे पायस यांनी तिला सायकलस्वारांची अधिष्ठात्री म्हणून जाहीर केलं.

हे ऐकताना मला पहिला आठवला तो आपला शिंगरोबा. बोरघाटात जुन्या रस्त्यालगत त्याचं देऊळ आहे. इंग्रजांना रेल्वेसाठी घाटातली वाट सापडेना, ती या धनगरानं दाखवली, असं लोक सांगत आले आहेत. आजही ड्रायव्हर तिथून जाताना नाणं टाकतात. आमच्या काकांनी पंक्चर झाल्यावर शिंगरोबाला काय म्हटलं असेल ते तेच जाणोत. वाट दाखवणारा देव चढाच्या मध्यावर, तिथून जाणारी शर्यत, आणि वर पोचलेल्या पहिल्याला मिळणारा 'घाटाचा राजा' हा किताब. हे सगळं आपल्याकडे आहे. गिसाल्लोत त्यापुढची गोष्ट घडली, ती आपल्याकडे घडली नाही.

त्यापुढची गोष्ट अशी, की लोक आपल्या वस्तू तिथं आणून ठेवू लागले. देऊळ केवढं, तर आपल्या गावच्या मारुतीच्या देवळाएवढं. आत भिंतींवर वरपर्यंत सायकली टांगलेल्या. जिनो बार्ताली, फाउस्तो कोप्पी, एडी मर्क्स यांच्यासारख्या गाजलेल्या शर्यतपटूंच्या सायकली, जर्सी, आणि वारलेल्या सायकलपटूंचे फोटो. नवस फेडायला आणलेल्या वस्तूंसारख्या. जागा पुरेना, तेव्हा शेजारी संग्रहालय बांधलं गेलं. ते २००६ साली उघडलं. त्यासाठी सगळ्यात जास्त झटला तो फ्योरेंझो मान्यी, इटलीभर टप्प्याटप्प्यानं फिरणारी जिरो द'इतालिया ही मोठी शर्यत तीनदा जिंकलेला, आणि तेव्हा ८५ वर्षांचा. आपल्याकडे बहुतेक वेळा याच्या उलट होतं. आधी भूमिपूजन, मग कोनशिला, मग वातानुकूलित दालन, आणि शेवटी आत काय ठेवायचं याचा शोध. गिसाल्लोत वस्तू आधी आल्या, छप्पर नंतर आलं.

त्या देवळात एक सायकल आहे, तिच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. पुढून पार मोडलेली. फाबियो कासार्तेल्लीची. हा तिकडचाच, कोमो परिसरातला मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये रस्ता-शर्यतीचं सुवर्णपदक जिंकला होता. १९९५ च्या टूर द फ्रान्समध्ये पिरेनीज पर्वतातल्या एका उतारावर पडला आणि गेला, २४ वर्षांचा. ती सायकल दुरुस्त केलेली नाही, तिच्यावरून रंगाचा हातही फिरवलेला नाही. जशी उचलून आणली तशी ठेवली आहे. माझ्या शेजारी शर्यतीचे कपडे घातलेला एक मध्यमवयीन माणूस उभा होता, चढ चढून नुकताच आलेला, पाठ घामानं भिजलेली. त्यानं बूट काढून हातात घेतले होते, बुटांच्या लोखंडी खिट्ट्यांचा फरशीवर आवाज होऊ नये म्हणून. बाहेर अंगणात एक मोठं शिल्प आहे. दोन सायकलस्वार, एकानं हात उंचावलेला, दुसरा जमिनीवर पडलेला. दोघे एकाच चौथऱ्यावर.

शर्यतीचं संग्रहालय कसं असावं ते मला तिथं कळलं. चषकांची कपाटं कुठल्याही क्रीडासंघटनेच्या कचेरीत असतात. शर्यत म्हणजे शंभरजण निघतात आणि एक जिंकतो. त्या एकाचंच जपून ठेवलं तर नव्व्याण्णव जणांची शर्यत झालीच नाही असं होतं. इटालियन लोकांना हे फार पूर्वी उमगलं असावं. १९४६ ते १९५१ या काळात जिरो शर्यतीत सगळ्यात शेवटच्या स्पर्धकासाठी काळी जर्सी होती. पहिल्याची गुलाबी, ती १९३१ पासून, कारण शर्यत भरवणारं वर्तमानपत्र गुलाबी कागदावर छापलं जाई. शेवटच्याची काळी, आणि तिच्यासोबत बक्षीसही. लुइजी मालाब्रोक्का नावाचा गडी ती मिळवण्यासाठी मुद्दाम मागं राहायचा, धान्याच्या कोठारात लपून वेळ काढायचा म्हणे. १९४९ साली मात्र सांते कारोल्लोनं त्याला शेवटच्या क्रमांकासाठी हरवलं. महायुद्धानंतरच्या गरीब इटलीत शेवटून पहिला आला तरी घरी चार पैसे जात होते.

आणि आल्फोन्सिना स्त्रादा. १९२४ साली मोठे खेळाडू मानधनाच्या भांडणावरून जिरोला आले नाहीत, आयोजकांना स्पर्धक कमी पडले, आणि या बाईला प्रवेश मिळाला. नावाच्या शेवटचं अक्षर गाळून यादीत ते पुरुषाचं वाटेल असं छापलं. खडीचे, चिखलाचे रस्ते. एकूण ३,६०० किलोमीटरहून जास्त अंतर. वाटेत एका टप्प्यात ती पडली, हँडल मोडलं, तेव्हा केरसुणीचा दांडा बांधून तिनं तो टप्पा पुरा केला. ठरलेल्या वेळेबाहेर पोचली म्हणून क्रमवारीतून नाव काढलं, पण तिनं शर्यत सोडली नाही, मिलानपर्यंत आली. निघालेल्या नव्वद जणांपैकी सुमारे साठ पुरुष वाटेत गळाले होते. तिची सायकल गिसाल्लोलाच जपली आहे. खोपोलीत आम्ही पोरी वर्षानुवर्षं पाणी घेऊन उभ्या राहिलो. आमच्यातल्या एकीच्याही मनात आलं नाही की आपणही या रस्त्यानं सायकलवर जाऊ शकतो. त्या वयात केरसुणीच्या दांड्याची गोष्ट कुणी सांगितली असती, दाखवली असती, तर निदान मनात तरी आलं असतं.

इतिहास जपायचा तर गौरवाबरोबर डागही जपावे लागतात. बार्तालीनं महायुद्धात सायकलच्या नळीत खोटी कागदपत्रं लपवून नेली आणि ज्यूंचे जीव वाचवायला मदत केली; २०१३ साली इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं त्याचा सन्मान केला. संग्रहालयासाठी झटलेल्या मान्यीवर मात्र युद्धानंतर फॅसिस्टांना साथ दिल्याच्या आरोपावरून खटला चालला होता. हाच मान्यी १९५६ च्या जिरोत गळपट्टीचं हाड मोडलेलं असताना हँडलला ट्यूब बांधून तिचं टोक दातांत धरून चढला आणि दुसरा आला. दातांत ट्यूब धरलेला त्याचा फोटो जगभर पोचला. खटल्याची आठवण तेवढी पोचली नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. उत्तेजकांचंही तसंच. ब्रिटिश सायकलपटू टॉम सिम्पसन १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये माँ व्हाँतूच्या चढावर कोसळून मेला, त्याच्या शरीरात उत्तेजक सापडलं. लान्स आर्मस्ट्राँगची टूर द फ्रान्सची सात विजेतेपदं २०१२ साली काढून घेतली. हे वगळून जो सायकल शर्यतींचा इतिहास सांगेल तो जाहिरात करत असेल. आपलं संग्रहालय होईल तेव्हा आपल्याही शर्यतींतल्या वाईट गोष्टी, वशिले, पंचांशी झालेले वाद, घाटातले अपघात त्यात यायला हवेत. अपघातात गेलेल्यांची नावं तर सगळ्यात आधी.

घाटातच का, याचं उत्तर खेळाच्या स्वभावात आहे. कुस्तीला तालीम आहे. कोल्हापूरचं खासबाग मैदान रिकामं असलं तरी तिथं उभं राहिल्यावर कुस्ती कळते. क्रिकेटला वानखेडे आहे. रस्त्यावरच्या शर्यतीला असं काहीच नाही. ती होऊन गेली की तिचं मैदान म्हणजे नुसता रस्ता. शर्यत कुठं जिंकली, कुठं हरली हे सांगायला तोच चढ समोर असायला हवा. बेलाज्योकडून धापा टाकत वर आलेला माणूस आत जाऊन कोप्पीची सायकल बघतो तेव्हा त्याच्या पोटऱ्यांना कळतं की ती केवढी जड होती. पुण्या-मुंबईतल्या एखाद्या मॉलशेजारी तीच सायकल काचेत ठेवली तर ती फक्त जुनी सायकल. दर शरद ऋतूत जिरो दि लोम्बार्दिया ही शर्यत गिसाल्लोवरून जाते तेव्हा देवळाची घंटा वाजते. संग्रहालय रस्त्यावर असलं की दरवर्षी शर्यतच त्याला भेटायला येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो मला मान्यच आहे, की सायकल चालवायला सुरक्षित रस्ता नाही तिथं संग्रहालय कशाला? सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात सायकल ट्रॅकवर गाड्या लावलेल्या असतात. तेव्हा ट्रॅक आधी करा, जरूर करा. पण संग्रहालयासाठी तो पैसा अडणार नाही. मी प्रासाद मागत नाही. लोणावळा-खंडाळ्यात एखादी जुनी सरकारी वास्तू, दोन-तीन खोल्या, कोरड्या भिंती आणि एक पगारी माणूस. एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणावर याहून जास्त खर्च होतो. ट्रॅक पाच वर्षं लांबला तर पाच वर्षांनी होईल. माणसांचं तसं नसतं. साठ-सत्तरच्या दशकात मुंबई-पुणे शर्यत धावलेले लोक आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्या ट्रंकेत कात्रणं आहेत, बक्षिसाची भिंतीवरची घड्याळं आहेत, आठवणी आहेत. ते गेले की ट्रंक भंगारात जाते. मी पाहिलं आहे.

दुसरा आक्षेप असा, की आपल्याकडे दाखवण्यासारखं आहेच काय? यानं मला जास्त वाईट वाटतं, कारण विसरल्यामुळेच आपल्याला तसं वाटतं. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला भारताचा सायकलिंग संघ पहिल्यांदा गेला, त्यात रोहिंटन नोबल, एरच मिस्त्री, होमी पावरी अशी नावं होती. ही पारशी मंडळी आज मुंबईत किती जणांना आठवतात? १९६४ च्या टोकियोनंतर एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकला गेलेला नाही. मग २०१९ मध्ये जर्मनीत इसो अल्बान, रोनाल्डो सिंग, रोजित सिंग या पोरांनी ज्युनिअर जागतिक स्पर्धेत टीम स्प्रिंटचं सुवर्ण आणलं. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत दोघांच्या संघानं पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये तीच शर्यत एकट्यानं पुरी केली. यातलं एकही पान एका छताखाली नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी स्वतःच्या हिमतीवर सायकलींचं संग्रहालय उभं केलं आहे, महायुद्धातल्या छत्रीसैनिकांची घडीची सायकलसुद्धा तिथं आहे. एका माणसानं एवढं केलं याबद्दल आदरच वाटतो. पण तिथं मांडला आहे तो सायकल नावाच्या यंत्राचा संसार. शर्यतीचा संसार वेगळा, आणि तो कुणा एकाच्या पदरमोडीवर सोडून देऊ नये.

आताच बघा ना. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' झाली. आंतरराष्ट्रीय दर्जाची, अनेक टप्प्यांची रस्ता-शर्यत पुणे जिल्ह्यातून गेली. तिच्यासाठी रस्ते गुळगुळीत झाले, शाळेची पोरं झेंडे घेऊन उभी राहिली. त्या शर्यतीचे नंबर, मार्गाचे नकाशे, गावोगाव बंदोबस्ताला उभ्या राहिलेल्या पोरांच्या आठवणी हे गोळा करायला आत्ता काहीच कष्ट नाहीत. वीस वर्षांनी करायला गेलो तर काकांच्या सायकलीसारखं होईल.

या खोल्यांत काय असावं, हे मी मनात बरंच मांडून ठेवलं आहे. घाटाच्या चढाचा लाकडी उठावाचा नकाशा, त्यावर कुठल्या वळणावर कुठल्या वर्षी कोण पुढं गेला. साधी बिनगिअरची शर्यतीची सायकल, तिच्याशेजारी आजची कार्बनची, आणि दोन्ही उचलून बघायची मुभा. पाणक्यांसाठी एक भिंत. संघात जे स्वतः जिंकायला नसतात, पुढच्याला वारा लागू नये म्हणून त्याच्यापुढं चालवतात, मागं जाऊन पाण्याच्या बाटल्या आणतात, त्यांना इटलीत पाणी वाहणारे असंच म्हणतात. पंक्चरवाल्यांसाठी, आउट काढणाऱ्या मिस्त्रींसाठी जागा. दाराबाहेर हवेचा पंप आणि पाण्याचा नळ, कारण शनिवार-रविवारी मुंबईकडून घाट चढून येणाऱ्या मुलामुलींना आधी त्याचीच गरज असते. आत ती त्यानंतर येतील. आणि माहिती सांगायला जुने शर्यतपटू, मानधन देऊन. बेल्जियममध्ये औदेनार्दच्या सायकल संग्रहालयात फ्रेडी मार्टेन्स हे काम करत असे. दोनदा जगज्जेता झालेला, पुढं कर्जात बुडालेला माणूस. लोकांना शर्यत समजावून सांगण्याचं काम त्याला मिळालं, आणि लोकांना तो.

काकूंनी घर बदलताना मला एक पिशवी दिली होती. तिच्यात काकांचा कापडी नंबर आहे, ३७. मांजरपाटाचं कापड, काळ्या रंगानं हातानं काढलेले आकडे, चारही कोपऱ्यांत टाचण्यांच्या गंजाचे डाग. खालच्या बाजूला ग्रीसचा अंगठा उमटलेला आहे, बहुतेक त्या पंक्चरच्या दिवशीचा. तो मी कपाटात साड्यांच्या घडीत ठेवला आहे. नेऊन द्यायचा आहे, पण कुठं द्यायचा ते अजून ठरलेलं नाही.